पाठ केलेले वार

(बी. कॉम., द्वितीय वर्ष)

‘खेळ’ म्हटले की आपल्या वडीलधाऱ्या मंडळींच्या डोळ्यांपुढे एक तर मैदान उभे राहते, नाही तर जुगार. संगणकावरचा खेळ मैदानात बसत नाही, म्हणून तो बिचारा जुगाराच्या खात्यात जमा होतो. २०२५ साली संसदेने ऑनलाइन खेळांसंबंधी कायदा करून पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी घातली, तेव्हा अनेक घरांत ‘बघ, सरकारनेसुद्धा बंद केले!’ असे ऐकावे लागले. त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्स आणि पैसे न लावता खेळायचे खेळ वेगळे काढले आहेत, हे सांगायला जावे तर उलट उत्तर दिल्याचे पाप पदरी पडते. असो.

प्रस्तुत लेखाचा हेतू खेळाची वकिली करणे हा नाही. खेळात वेळ जातो, झोप जाते आणि परीक्षेच्या तोंडावर घरच्यांचा विश्वासही जातो. मला बोलायचे आहे ते खेळणाऱ्या आपल्या पिढीच्या एका सवयीविषयी. आम्ही खेळतोसुद्धा गाईड वाचून! जी सवय वर्गात लागली ती खेळापर्यंत पोचली, आणि जिथे डोके चालवण्याची मुभा होती, नव्हे, जिथे डोके चालवण्यातच मजा होती, तिथेही आम्ही दुसऱ्याने काढलेले उत्तर उतरवून घेऊ लागलो. हे माझे म्हणणे एका उदाहरणाने पटवून देण्याचा प्रयत्न करतो. उदाहरण वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला शोभेल असे, म्हणजे आकड्यांचे आहे. वाचकांनी थोडा धीर धरावा.

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा खेळ नोव्हेंबर २००४ मध्ये सुरू झाला. त्याचे मूळचे जुने रूप ‘क्लासिक’ या नावाने ऑगस्ट २०१९ मध्ये पुन्हा खेळायला मिळू लागले. या खेळात हजारो माणसे एकाच वेळी एकाच काल्पनिक जगात वावरतात. प्रत्येकाने आपली एक जात निवडायची असते. येथे जात म्हणजे धंदा. कोणी दुरून अग्नी फेकतो, कोणी जखमा भरून काढतो, कोणी ढाल पुढे करून मार खातो, तर कोणी शत्रूला अगदी बिलगून दोन्ही हातांतल्या शस्त्रांनी वार करतो. या शेवटच्या मंडळींपैकी एका जातीचे इंग्रजी नाव ‘रोग’ असे आहे. मराठीत हे नाव लिहिले की खेळाडूला डॉक्टरकडे न्यावे लागेल, म्हणून मी त्याला ‘ठग’ म्हणणार आहे. माझे घर बालाघाटचे. ठगांचा बंदोबस्त करणाऱ्या स्लीमनसाहेबाचे ठाणे जबलपूरला होते आणि जबलपूर आम्हांला जवळचे. तेव्हा हा शब्द वापरण्याचा आम्हां बालाघाटवाल्यांना थोडासा हक्क पोचतो.

या ठगाची मिळकत म्हणजे ऊर्जा. तिची साठवण जास्तीत जास्त १००. दर दोन सेकंदांना २० ऊर्जा परत भरते, म्हणजे सेकंदाला १० अशी ठरलेली आवक. शंभर भरली की पुढची आवक वाया जाते. व्याज तर नाहीच, उलट मुद्दल घ्यायलाच बँक नकार देते असे समजा. त्याचा साधा वार, म्हणजे ‘सिनिस्टर स्ट्राइक’, ४५ ऊर्जा खातो, शत्रूला जखम करतो आणि पदरी एक ‘कॉम्बो पॉइंट’ टाकतो. त्याला आपण गुण म्हणू. गुण पाचांच्या वर साठत नाहीत. साठलेले गुण दोन तऱ्हांनी खर्च करता येतात. एक, ‘एव्हिसरेट’ नावाचा मोठा घाव, ३५ ऊर्जेचा. दुसरी, ‘स्लाइस अँड डाइस’. या दुसरीने शत्रूला थेट काही होत नाही, पण आपले हात ३० टक्के अधिक वेगाने चालू लागतात. ठगाची दोन शस्त्रे बटण न दाबताही आपोआप चालत असतात आणि त्याच्या एकूण माऱ्यात त्यांचा वाटा फार मोठा असतो, म्हणून ही चपळाई त्याला प्राणासारखी. तिचा खर्च २५ ऊर्जा. एक गुण घातला तर ती ९ सेकंद टिकते, आणि पुढच्या प्रत्येक गुणाला ३ सेकंद वाढतात. दोनाला १२, तिनाला १५, चाराला १८, पाचाला २१.

आता प्रश्न असा, की चपळाई किती गुणांवर करावी? कोणता वार केव्हा करावा, या क्रमाला खेळाडू ‘रोटेशन’ म्हणतात. पिकांच्या बाबतीत याच शब्दाला आपल्याकडे ‘फेरपालट’ हा नेटका प्रतिशब्द आहे. बहुतेक गाईडे एका ओळीत उत्तर देतात : पाच गुण साठवा, मग चपळाई करा. नवा खेळाडू विचारतो, ‘पाचच का रे?’ जुना म्हणतो, ‘गाईडमध्ये दिलंय.’ चर्चा संपली.

पण आपण वहीत मांडून पाहू. एका आवर्तनाचा खर्च म्हणजे लागतील तितके साधे वार आणि वर चपळाईचे २५. आवक सेकंदाला १० असल्यामुळे खर्चाला दहाने भागले की तेवढी ऊर्जा जमायला लागणारे सेकंद मिळतात.

१ गुण : खर्च ७०, जमायला ७ सेकंद, चपळाई टिकते ९ सेकंद.
२ गुण : खर्च ११५, जमायला ११.५ सेकंद, टिकते १२ सेकंद.
३ गुण : खर्च १६०, जमायला १६ सेकंद, टिकते १५ सेकंद.
४ गुण : खर्च २०५, जमायला २०.५ सेकंद, टिकते १८ सेकंद.
५ गुण : खर्च २५०; जमायला २५ सेकंद; टिकते २१ सेकंद.

हा तक्ता नीट पाहिला की गंमत कळते. पाच गुणांचा हट्ट धरला तर दर पंचवीस सेकंदांत चार सेकंद ठग चपळाईविना मंद हातांनी लढत राहतो. एका गुणावर चपळाई केली तर ती कधी तुटत नाही, पण २५ चा खर्च दर नऊ सेकंदांनी करावा लागतो; म्हणजे आवकेच्या जवळजवळ २८ टक्के नुसत्या देखभालीत गेले. दोन गुणांवर हा वाटा २१ टक्क्यांच्या आत येतो आणि चपळाईही अखंड राहते. साधा ठग असेल तर चपळाई न तोडता खर्च कमीत कमी ठेवणारे उत्तर ‘दोन’ हे आहे, आणि गाईड सांगते ‘पाच’!

मग गाईड लिहिणारा मूर्ख होता काय? मुळीच नाही. खेळात पातळी वाढत जाते तसे ‘टॅलेंट’ मिळतात, म्हणजे कसब. त्यांतल्या एका कसबाने साधा वार ४५ ऐवजी ४० ऊर्जेत होतो. दुसऱ्याने चपळाई ४५ टक्के अधिक काळ टिकते. ही दोन्ही कसबे पुरी घेतलेल्या ठगाचा तक्ता मांडा. पाच गुणांचा खर्च २२५, जमायला २२.५ सेकंद, आणि पाच गुणांची चपळाई आता टिकते ३० सेकंदांहून किंचित अधिक. म्हणजे जवळजवळ ८ सेकंदांची आवक, सुमारे ८० ऊर्जा, शिल्लक राहिली. तीत आणखी एक वार आणि एका गुणाचा छोटा घाव बसतो. देखभालीचा खर्च आवकेच्या ८ टक्क्यांवर उतरला. या ठगाला ‘पाच’ हेच उत्तर शोभते. गाईड लिहिणारा अशा पुऱ्या तयारीच्या ठगाबद्दल लिहीत होता. वाचणारा मात्र निम्म्या पातळीवर, कसबे न घेता, तेच पाच गुण मोजत बसला. उत्तर बरोबर होते, प्रश्न त्याचा नव्हता.

आणखी एक बारकावा पाहा. लढाई सुरू होते तेव्हा हाताशी १०० ऊर्जा शिल्लक असते. हे सुरुवातीचे भांडवल. पहिल्या चपळाईलाच पाच गुण हवेत असा हट्ट धरला तर २५० ऊर्जा लागणार. १०० जवळ आहे, उरलेल्या १५० साठी १५ सेकंद चपळाईविना लढा. साधा शत्रू असेल तर तेवढ्या वेळात तो मरूनही जाईल, आणि आपली चपळाई त्याच्या तेराव्याला पोचेल. उलट, पहिला वार बसताच एका गुणावर चपळाई करून टाकली तर खर्च ७० आणि ३० अजून गाठीशी. म्हणजे कसबी ठगालाही पहिल्या वेळी ‘एक’ आणि नंतर ‘पाच’ असे उत्तर येते. मी येथे नेम चुकणे, शत्रूने वार चुकवणे इत्यादी गोष्टी हिशेबाबाहेर ठेवल्या आहेत. त्या धरल्या तर आकडे थोडे हलतील, पण रीत तीच राहील.

आमच्या प्राध्यापकांच्या ध्यानात एव्हाना आले असेल की यात नवीन असे काही नाही. २५ ऊर्जा हा स्थिर खर्च. तो जितक्या जास्त सेकंदांवर वाटला जाईल तितका दर सेकंदाचा भार कमी. पण जास्त काळासाठी आधी जास्त गुंतवावे लागते, आणि गुंतवणूक आवकेच्या पुढे गेली की मध्ये खंड पडतो. परिव्यय लेखाशास्त्राच्या तासाला आपण ‘की फॅक्टर’ शिकतो. जी वस्तू अपुरी आहे तिच्या दर नगामागे कोणत्या मालातून सर्वांत जास्त अंशदान मिळते ते पाहावे, आणि तो माल आधी बनवावा, असे पुस्तक सांगते. कच्चा माल अपुरा असेल तर दर किलोमागे, यंत्राचे तास अपुरे असतील तर दर तासामागे. ठगाच्या बाबतीत अपुरी आहे ती ऊर्जा. म्हणून कोणता वार किती जोराचा, हा प्रश्नच चुकीचा. दर ऊर्जेमागे कोणता वार किती देतो, हा खरा प्रश्न. जो मुलगा परीक्षेत हे गणित अपेक्षित प्रश्न म्हणून घोकतो आणि आकडे बदलले की गडबडतो, तोच मुलगा रात्री हेच गणित दर सेकंदाला बोटांनी सोडवत असतो. या दोघांची आपसांत ओळख करून द्यावी, एवढेच माझे मागणे आहे.

की फॅक्टर ओळखण्याचे महत्त्व मला आमच्या गावाकडच्या दोन गोष्टींवरून सांगता येईल. बालाघाट शहराला लागून भरवेली येथे ‘मॉयल’ या सरकारी कंपनीची मँगनीजची भूमिगत खाण आहे, फार खोल. अशा खाणीत खाली कितीही माल फोडून ठेवला तरी वर येणार तो शाफ्टमधून जितका ओढला जाईल तितकाच. ओढणारे यंत्र तासभर थांबले तर तो तास गेला. दुसऱ्या दिवशी खाली दुप्पट माणसे उतरवून तो भरून निघत नाही. ज्याची अडचण शाफ्टची आहे त्याने फोडणारे वाढवून उपयोग काय?

दुसरी गोष्ट इंटरनेटची. लहान गावातून परदेशातल्या सर्व्हरवर खेळताना बटण दाबणे आणि वार पडणे यांत पाव सेकंद सहज जातो. सगळे म्हणतात, अशा जोडणीवर जवळून लढणारी जात घेऊच नये. आता हिशेब करा. या खेळात एका वारानंतर दुसरा वार करण्यापूर्वी सक्तीची विश्रांती असते. बहुतेक जातींना दीड सेकंद, ठगाला एक. ज्या जातीला वेळ हीच एक मर्यादा आहे, तिचे एका मिनिटात ४० वार होऊ शकतात. प्रत्येक वेळी पाव सेकंद उशीर धरला तर दीडाचे पावणेदोन झाले आणि चाळिसाचे चौतीस. सहा वार बुडाले. पण ठगाची मर्यादा वेळ नाही, ऊर्जा आहे. ४५ ऊर्जा जमायला त्याला साडेचार सेकंद लागतात. त्यात पाव सेकंद उशीर झाला तरी ऊर्जा भरायची थांबत नाही. शंभराची साठवण काठोकाठ भरू दिली नाही, म्हणजे झाले. तेव्हा मंद जोडणीवाल्या गावच्या पोराने जवळून लढायचेच असेल तर ठग घ्यावा! हा निष्कर्ष वेगवान जोडणीच्या शहरात बसून लिहिलेल्या गाईडात मिळणार नाही. गाईड लिहिणाऱ्याला ती अडचणच नव्हती, तर तो तिचे उत्तर कशाला शोधील?

आता यंत्रयुगाचा मुद्दा घेऊ. ‘सिम्युलेशनक्राफ्ट’ नावाचा एक मोफत प्रोग्रॅम आहे. तो एकच लढाई हजारो वेळा लढून पाहतो आणि माऱ्याची सरासरी काढतो. पुष्कळांना वाटते की आता विचार करण्याची गरज उरली नाही, यंत्राने निकाल दिला. परंतु या प्रोग्रॅमला सुद्धा आधी सांगावे लागते की शस्त्रे कोणती, शत्रू किती, लढाई किती मिनिटांची. निकाल त्या गृहीतकांपुरताच खरा. लोक निकालाचा आकडा उचलतात आणि गृहीतके तिथेच टाकून येतात. ताळेबंद वाचावा आणि खालच्या टिपा वाचू नयेत, तसाच हा प्रकार. ‘ॲड्रेनालाइन रश’ हे ठगाचे एक हुकमी अस्त्र आहे. पंधरा सेकंद आवक दुप्पट होते, आणि एकदा वापरले की पाच मिनिटे पुन्हा मिळत नाही. लढाई सहा मिनिटांची असेल तर ते पहिल्या मिनिटाच्या आत वापरावे, म्हणजे शेवटी दुसऱ्यांदा हाती येते. चार मिनिटांची असेल तर कसेही एकदाच मिळणार. मग सर्वांत चांगली संधी पाहून वापरावे. एकच अस्त्र, एकच खेळाडू, आणि लढाईच्या लांबीवरून सल्ला उलटा झाला.

विशेष म्हणजे त्या प्रोग्रॅमला जी यादी द्यावी लागते, ती ‘पहिले हे, दुसरे ते’ अशी ठरीव रांग नसते. ती प्राधान्याची यादी असते. प्रत्येक क्षणी वरून खाली वाचायची : चपळाई संपत आली आहे काय? नसेल तर गुण पाच झाले आहेत काय? नसतील तर वार करण्याइतकी ऊर्जा आहे काय? जो पहिला ‘होय’ मिळेल ते करायचे. आमच्याकडची धानशेती याच रीतीने चालते. बालाघाटच्या चिन्नोर तांदळाला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचे कौतुक सर्वांनी केले. पण पऱ्हे टाकावे, चिखलणी करावी, रोवणी करावी, एवढा क्रम पाठ असून तिथे कोणी शेतकरी होत नाही. बांधीत पाणी किती थांबले, पऱ्हे किती दिवसांचे झाले, मजूर कोणाकडे गेले आहेत, हे पाहून आजची पाळी ठरते. पाऊस न पाहता तारखेवर रोवणी करणारा शेतकरी आणि शत्रू न पाहता क्रमावर वार करणारा ठग एकाच माळेचे मणी.

शत्रू न पाहण्याचा परिणाम कसा होतो तेही सांगतो. क्लासिकमध्ये ‘मोल्टन कोर’ नावाची गुहा आहे. तीत चाळीस जणांनी मिळून उतरायचे असते. तिथला एक सरदार, बॅरन गेडन, मधूनच आपल्या भोवती आगीचे लोळ सोडतो. त्या वेळी जवळ लढणाऱ्यांनी काही सेकंद बाजूला पळावे लागते. क्रम पाठ केलेला ठग म्हणतो, ‘माझा चौथा वार राहिला आहे,’ आणि जळून जातो. मेलेल्याचा मारा शून्य. हिशेबी ठग मात्र पळण्यापूर्वीच ऊर्जा खर्चून टाकतो. रिकामी साठवण भरायला दहा सेकंद लागतात, म्हणून तो बाहेर असतानाही त्याची आवक चालू राहते आणि परत येताच तो ताजा असतो. शंभर ऊर्जा घेऊन जो पळाला त्याचा बाहेरचा सगळा वेळ बुडीत. ही युक्ती कोणत्याही ठरीव रांगेत बसत नाही. ती फक्त ‘ऊर्जा शंभरावर वाया जाते’ हे तत्त्व ज्याला समजले त्यालाच त्या घाईत सुचते.

आपल्या तालमीतही हेच शिकवतात. पोरगा आधी एकेक डाव शेकडो वेळा घोटतो. ढाक, धोबीपछाड, कलाजंग यांची नावे तोंडपाठ असतात. पण नंतर जोडीदाराबरोबर जोर करायला लावतात ते उगीच नाही. समोरचा कुठे वजन टाकतो हे अंगाला कळू लागले म्हणजे मगच घोटलेला डाव उपयोगी पडतो. पाठांतराला मी नावे ठेवत नाही, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. उजळणी नसेल तर बोटे वेळेवर हलत नाहीत, आणि पाढे येत नसतील तर वरचा तक्ता कोण मांडणार? माझा आक्षेप पाठांतरावर थांबण्याला आहे.

या सवयीचा एक सामाजिक तोटाही आहे, आणि मला तोच जास्त खुपतो. लढाईनंतर प्रत्येकाचा दर सेकंदाचा मारा दाखवणारा तक्ता पडद्यावर येतो. त्याला ‘मीटर’ म्हणतात. मीटरमध्ये जो खाली, तो नालायक. त्याला गटातून काढून टाका, असा न्याय हल्ली फार झटपट होतो. पण ठगाकडे ‘किक’ नावाची एक लाथ असते. शत्रू मंत्र म्हणत असताना ती मारली की मंत्र तुटतो आणि गटातले कोणी तरी वाचते. तिला २५ ऊर्जा लागते आणि गुण एकही मिळत नाही. जो ठग इमानाने लाथा मारतो त्याचा मीटरवरचा आकडा घटतो. जो मारत नाही त्याचा वाढतो, आणि त्याच्यामुळे मेलेल्यांचा जमाखर्च त्याच्या नावावर कधी पडत नाही. माझ्या ओळखीच्या एका मुलाला अशाच रीतीने एका गटाने निरोप दिला. मंद जोडणीवरून, फाटक्या शस्त्रांनिशी, तो सगळ्या लाथा एकटा मारीत होता. आकडा पाहिला गेला. तो आकडा कशाने बनला, हे पाहायला कोणी थांबले नाही. गुणपत्रिकेवरून माणूस तोलणाऱ्या जगात आपण वाढलो, तेव्हा खेळातही आपण तोच तराजू नेला, यात नवल ते काय?

यावर काही मित्र म्हणतील, ‘बाबा रे, खेळ हा खेळ. दमून भागून आल्यावर तक्ते कोण मांडणार? ज्यांनी मेहनत केली त्यांचे उत्तर घेतले तर बिघडले कोठे?’ हा आक्षेप अगदीच खोटा नाही. प्रत्येकाने चाक पुन्हा शोधायचे ठरवले तर कोणी गावाला पोचणार नाही. मीसुद्धा गाईडे वाचतो. पण गाईड वाचणे आणि गाईडला शरण जाणे यांत अंतर आहे. वाचून झाल्यावर तीन प्रश्न विचारले तरी पुरे. लिहिणाऱ्याजवळ काय होते जे माझ्याजवळ नाही? त्याला कशाची टंचाई होती आणि मला कशाची आहे? यातला एक आकडा बदलला तर उत्तर बदलेल काय? या तीन प्रश्नांना दहा मिनिटे लागतात. आणि हेच प्रश्न उद्या कर्जाच्या जाहिरातीला, शेअरच्या ‘टिप’ला, किंवा नोकरीच्या हमीला विचारायचे आहेत. तिथे चुकीचा क्रम पाठ केला तर पुन्हा जिवंत होण्याची सोय नाही.

भाषेबद्दलही दोन शब्द लिहिणे भाग आहे. मी शाळा शिकलो मराठीतून, बाजारात बोललो हिंदीतून, आणि या खेळाची सगळी गाईडे इंग्रजीतून, तीही निम्मी आद्याक्षरांत. मराठी माध्यमातला मुलगा ते वाचून समजल्यासारखी मान हलवतो, कारण ‘कळले नाही’ म्हणायची लाज वाटते. पाठांतर वाढते ते येथेच. जे समजले नाही ते पाठ करण्यावाचून इलाज काय? वरचा हिशेब मी मुद्दाम मराठीत मांडला. आवक, शिल्लक, खंड, देखभाल, बुडीत हे शब्द घरातलेच आहेत आणि त्यांनी काम अडले नाही. आपल्या या अंकाच्या कन्नड विभागातही कोणी मित्राने असाच एखादा हिशेब आपल्या भाषेत मांडला, तर मी तो कोणाकडून तरी समजावून घेईन. दोन भाषांत एकच उत्तर आले तर ते उत्तर समजलेले आहे असे खुशाल मानावे. पाठ केलेले उत्तर भाषा बदलताच कोलमडते.

प्राध्यापकवर्गाला एक विनंती करून लेख संपवतो. परिव्यय लेखाशास्त्राच्या एखाद्या तासाला ‘अ’ माल, ‘ब’ माल आणि यंत्राचे तास यांऐवजी ऊर्जा, वार आणि चपळाई यांचे गणित फळ्यावर घालून पाहावे. मागच्या बाकावरची मंडळी पहिल्यांदाच वही उघडतील, याची मी हमी देतो. मात्र दुसऱ्या दिवशी आकडे बदलून द्यावेत : वार ४५ ऐवजी ५०, चपळाई २५ ऐवजी ३०. मागच्या बाकावर ज्यांनी रीत समजून घेतली असेल ते हसत पेन्सिल उचलतील, आणि ज्यांनी ‘उत्तर दोन’ एवढेच टिपून घेतले असेल ते शेजाऱ्याच्या वहीत डोकावतील. आपण या दोघांपैकी कोण, हे विद्यार्थी मित्रांनो, परीक्षेच्या आधी एकदा खेळातच तपासून घ्यायला काय हरकत आहे?